टर्कीखालची टोपणनावं

क्ले क्रीकमध्ये टपाल वाटणाऱ्या माणसाचे केस फार लवकर पिकायचे. सॅनपीट खोऱ्यातलं हे गाव डेन्मार्कहून आलेल्या मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती मंडळींनी वसवलं. येताना त्यांनी नांगर आणले, बियाणं आणलं, एक मोडकी पेटी आणली, पण नावं फारच थोडी आणली. जेन्सचा मुलगा पीटर, पीटरचा मुलगा जेन्स, आणि समोरच्या घरातही तेच. रस्त्यात उभं राहून “जेन्स” अशी हाक मारली की अर्धं गाव वळून बघायचं आणि उरलेलं अर्धं कुठल्या तरी जेन्सलाच शोधायला निघालेलं असायचं.

मग गावाने आपला तोडगा काढला. घोड्यावर उलट्या तोंडाने बसून स्वतःच्या लग्नाला गेला तो उलटा जेन्स. कुंपण दुरुस्त करायचं काम मरेपर्यंत पुढे ढकलत राहिला तो उद्या-नील्स. एका लार्सला, त्या काळी पंथात चालायचं तसं, तीन बायका होत्या आणि तिघींचं नाव मरेन. घरं जिथे होती त्यावरून त्या वरची मरेन, खालची मरेन आणि पलीकडची मरेन झाल्या, आणि लार्सला सगळं गाव ‘कुठली-मरेन’ म्हणू लागलं, कारण बायकोचा विषय काढला की समोरचा पहिला प्रश्न तोच विचारायचा.

ही टोपणनावं गोळा करायचा नाद एल्व्हर्न रासमुसेनला लागला तो तरुणपणीच. हायस्कूलच्या शेजारी चर्चची एक बैठी इमारत होती. तिथे तो आयुष्यभर पोरांना धर्म आणि पूर्वजांचा इतिहास शिकवत आला. उंच, वाकलेला, चष्म्याच्या काचा जाड आणि टाय नेहमी जेवणात काय होतं ते सांगणारा. वर्गात पूर्वजांनी बैलगाड्यांनी अफाट माळरानं ओलांडल्याच्या कहाण्या सांगताना त्याचा आवाज इतका भरून यायचा की मागच्या बाकावरची पोरंही जागी व्हायची. पण त्याचा खरा जीव होता तो बारीकसारीक गोष्टींत. बैल कोणाचा आधी मेला, पहिल्या शेकोटीवर कोणाचं भांडं करपलं, मिरवणुकीत तुतारी कोण वाजवणार यावरून कोणते दोन भाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते. मोठ्या ग्रंथांत संदेष्टे आणि पुढारी होतेच. एल्व्हर्नला करपलेलं भांडं हवं होतं.

तो हे लिहून ठेवायचा हाताला येईल त्यावर. रविवारच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर, बियाण्यांच्या पाकिटांवर, जेलीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर. एकदा त्याने वरच्या मरेनच्या नातीची संपूर्ण मुलाखत दंतवैद्याच्या कागदी रुमालावर लिहून आणली होती, आणि त्याच्या बायकोने, थेल्डाने, त्याच रुमालाने खिडकी पुसली. ती अजून सांगते की मुलाखत मोठी छान उतरली होती काचेवर.

थेल्डा बुटकी, गोल आणि शिस्तीची. चर्चने सांगितलं होतं की प्रत्येक घरात वर्षभराचं धान्य साठवावं, तर थेल्डाच्या तळघरात दोन वर्षांचं होतं. गव्हाचे पत्र्याचे डबे, मधाच्या बरण्या, पीच, बीन्स, भुकटी केलेलं दूध. आणि या सगळ्याच्या मधे, वर, खाली, एल्व्हर्नचे कागद. दरवर्षी कागद सरकत सरकत गव्हाच्या जागी यायचे आणि गहू जिन्याकडे यायचा. शेवटी एका वसंतात ती जिन्यातल्या डब्याला अडखळून पडली आणि तिथेच, खालच्या पायरीवर बसूनच तिने निकाल दिला.

“एल्व्हर्न, उद्या दुष्काळ पडला तर आपण काय खाणार? उद्या-नील्स?”

“दुष्काळ कशाला पडतोय.”

“पडला तर. गहू राहील किंवा कागद. दोघांना मी जेवायला घालू शकत नाही.”

कागद गेले ते थेल्डाच्या भावाच्या, ओरेनच्या टर्कीच्या पडवीत. ओरेन टर्की पाळायचा. त्या खोऱ्यात निम्मे लोक टर्की पाळतात आणि उरलेले टर्की पाळणाऱ्यांबद्दल तक्रार करतात. त्याची जुनी पडवी रिकामी होती, पत्रे धड होते, वास होता पण जुना होता. एल्व्हर्नने आपली खोकी फळ्यांवर रचली आणि पुढची कित्येक वर्षं दर शनिवारी तो तिथे जाऊन बसू लागला, जसा एखादा माणूस मासे धरायला जातो.

तो निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून फोन आला. एल्व्हर्न उभा राहून, टोपी काढून फोनवर बोलला. ठेवल्यावरही थोडा वेळ तसाच उभा होता.

“गव्हर्नर होता का?” थेल्डाने विचारलं.

“माझे कागद मागताहेत. सगळे. संग्रह करणार म्हणाले. रासमुसेन कागदपत्रं.”

“त्यांनी पाहिलेत का?”

“नाही.”

“मग चांगलंय,” थेल्डा म्हणाली आणि पावाचं पीठ मळायला लागली. पण संध्याकाळपर्यंत तिने ही बातमी तिन्ही बहिणींना, दुधवाल्या बाईला आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीला सांगून टाकली होती.

गाव खूश झालं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की त्या खोक्यांत नक्की काय आहे.

पहिले आले बिशप. ड्वेन ओल्सेन एरवी ट्रॅक्टर विकायचे आणि रविवारी गावाच्या चर्चची धुरा सांभाळायचे. हातात पीचची मोठी बरणी होती. त्यांनी हवेबद्दल बोलून घेतलं, गवताच्या कापणीबद्दल बोलून घेतलं, मग बरणी टेबलावर मधोमध सरकवली.

“ब्रदर रासमुसेन, तुमच्या त्या चिठ्ठ्यांत माझे पणजोबा असतील ना?”

“आहेत की. ढेकऱ्या ओले.”

बिशपनी डोळे मिटले. “ते गावातले पहिले बिशप होते.”

“तेही लिहिलंय. पहिले बिशप आणि ढेकऱ्या. प्रवचनाच्या मध्ये द्यायचे. लोक घड्याळं लावायचे म्हणे त्यावर.”

“विद्यापीठात पोरं वाचतील हो. माझी नात तिथेच शिकते. ती एक चिठ्ठी नसली तर इतिहासाचं काही अडेल का?”

एल्व्हर्न त्यावेळी बरणी उघडून चमच्याने पीच खात होता. त्याने चमचा खाली ठेवला. “बिशप, आज तुमची काढली तर उद्या उलट्या जेन्सची काढावी लागेल. मग राहील काय? नुसते जेन्स.” आणि त्याने चमचा पुन्हा उचलला.

बिशपच्या मागोमाग बाकीचे आले. कोणी ताजा पाव घेऊन, कोणी रास्पबेरीचा मुरांबा, कोणी गाजर किसून घातलेली हिरवी जेली. थेल्डाला तर रागच आला, कारण जेली आणणारी प्रत्येक बाई डबा परत न्यायला पुन्हा येणार आणि पुन्हा विषय काढणार. एल्व्हर्नने सगळ्यांचं खाल्लं आणि सगळ्यांना तेच उत्तर दिलं. इतिहास आहे, त्यात हात घालता येत नाही. त्या आठवड्यात त्याला पट्टा एक भोक सैल करावा लागला.

ग्रंथालयाची बाई आली तेव्हा गावाला वाटलं होतं की पांढरे हातमोजे घातलेलं कोणी येईल. नोरीन वूली आली ती गमबूट घालून. चाळिशीची, ठेंगणी, केस रुमालात बांधलेले. असल्या पडव्या, माळे आणि तळघरं तिने पुष्कळ उपसली होती. एकदा तिने मेलेल्या माणसाची रोजनिशी त्याच्याच मधमाश्यांच्या पेटीतून काढली होती, असं तिने जेवताना शांतपणे सांगितलं. थेल्डाला ती लगेच आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्व्हर्न, ओरेन आणि नोरीन पडवीत गेले. एल्व्हर्न पुढे, हात मागे बांधून, संग्रहालय दाखवणाऱ्याच्या थाटात. “इकडे मिरवणुका. तिकडे पाटाच्या पाण्याची भांडणं. ते कोपऱ्यातलं मोठं खोकं म्हणजे टोपणनावं, माझं सगळ्यात...”

तो थांबला. खोक्याचं झाकण बाजूला पडलं होतं. वरचे कागद पायांनी उकरून मऊ गादी केलेली होती, आणि त्या गादीवर एक मादी टर्की अंग फुगवून बसली होती. तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. कोणीच तिच्या पसंतीला उतरलं नाही.

“अरे,” ओरेन कुजबुजला, “ही इथे आहे होय. मी कुंपणाबाहेर शोधत होतो.”

“उठव तिला,” एल्व्हर्न म्हणाला.

“उठवू कशी? रवणीला बसलीय ती.”

“म्हणजे?”

“अंडी उबवतेय. एल्व्हर्न, माझी अंडी मशीनमध्ये जातात. माझ्या बापाच्या काळानंतर रवणीला बसलेली टर्कीण मी पाहिली नव्हती.” ओरेन दणकट, लालबुंद मानेचा माणूस होता, पण त्याचा आवाज जरा ओला झाला होता. “आता हलवलीस तर ती अंडी टाकून जाईल.”

“ती कुठली-मरेनवर बसलीय.”

“बसू दे की. तो कुठे जातोय.”

एल्व्हर्नने हात पुढे केला. टर्कीणीने तो इतक्या झटक्यात टिपला की आधी बाही गेली आणि मग ओरड आली. नोरीन वाकून, सुरक्षित अंतरावरून, खोक्याकडे बघत राहिली. “वरचे थोडे कागद खराब होतील,” ती म्हणाली, “खालचे ठीक राहतील. दमट जागेपेक्षा हे बरं. ती कोरडं ठेवतेय.”

“मग काय करायचं?”

“बाकीची खोकी लावायला घेऊ. मला मिरवणुकाच पुष्कळ दिवस पुरतील.”

असं करून नोरीन वूली रासमुसेनांच्या घरी, लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या खोलीत राहिली. दिवसभर ती आणि एल्व्हर्न व्हरांड्यात बसून कागद झटकायचे, लावायचे, फोल्डरात घालायचे. ओरेन रोज सकाळ-संध्याकाळ टर्कीणीसाठी मका आणि पाणी घेऊन जायचा. बसण्याची ढब पाहून त्याने तिला बिशपच्या बायकोचं नाव दिलं होतं, आणि हे कोणाला सांगू नका असं त्याने भेटेल त्याला सांगितलं होतं.

गावात मात्र वेगळीच हालचाल सुरू झाली. टोपणनावांच्या खोक्याजवळ आता ना एल्व्हर्न होता ना विद्यापीठ. फक्त एक पक्षी होता. पक्ष्याशी आपण बोलून घेऊ, असं बऱ्याच जणांना वाटलं. त्या रविवारी बिशप व्यासपीठावर आले ते उजव्या हाताला ही मोठी पट्टी बांधून. कोणी काही विचारलं नाही. प्रार्थनेच्या वेळी ओरेनने रांगेतल्या हातांवरून नजर फिरवली आणि थेल्डाला कोपर मारलं. पट्ट्या बांधलेले हात बरेच होते. दुधवाल्या बाईच्या तर नाकाला होती.

“नाक कशाला घातलं असेल तिने?” थेल्डा डोळे मिटलेलेच ठेवून पुटपुटली.

“चष्मा विसरली असेल. वाचायला वाकली.”

सगळ्यांना आपलं नाव बाहेर काढायचं होतं, एकीला सोडून. आफ्टन पोल्सन हे गावातलं मोठं प्रकरण. उंच, ताठ, टोपीला पीस. खोऱ्यातल्या पूर्वजांच्या लेकींच्या मंडळाची ती अध्यक्ष, आणि पूर्वजांच्या दिवसाच्या मिरवणुकीत सर्वांत पुढची गाडी तिची. ती जेली न घेताच आली. थेल्डा स्वयंपाकघरात गाजर किसत होती, एल्व्हर्न आणि नोरीन टेबलाशी होते.

“ब्रदर रासमुसेन, मी ऐकलं की माझे आजोबा त्या खोक्यात नाहीत.”

“सोरेन पोल्सन. नाहीत,” एल्व्हर्न म्हणाला. “त्यांना टोपणनाव नव्हतं.”

“असं कसं नव्हतं? त्यांनी गावाची पिठाची गिरणी बांधली. दळण आणणाऱ्या उलट्या जेन्सला नाव आहे आणि गिरणी बांधणाऱ्याला नाही?”

“मी पुष्कळ विचारलं. म्हाताऱ्या माणसांना विचारलं. कोणाला आठवत नाही.”

आफ्टनने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. “मग आता लिहा. सिंह-सोरेन.”

“सिस्टर पोल्सन, ते मला करता येत नाही. लोकांनी म्हटलेलं असलं पाहिजे.”

“मी म्हणतेय ना.”

“तुम्ही आत्ता म्हणताय. इतिहासाला पुरावा लागतो.”

आफ्टनची मान लाल झाली. “हो का? माझ्या सोन्यासारख्या आजोबांना गावाने नाव द्यायचं नाही, आणि तुम्हाला मात्र पोरंसोरंही पेन्सिल्या म्हणतात. हा न्याय आहे?”

स्वयंपाकघरातली किसणी थांबली. नोरीनने हातातला कागद अगदी सावकाश खाली ठेवला. आफ्टनने स्वतःचं तोंड हातमोज्याने झाकलं, मग हातमोजे गोळा केले आणि “मला ऑर्गनच्या समितीला जायचंय” असं म्हणून ती निघून गेली. अशी समिती नव्हती.

एल्व्हर्न स्वयंपाकघराकडे वळला.

“थेल्डा.”

“काय?”

“पेन्सिल्या कोण?”

किसणी पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच जोरात. “गाजरं संपत आली.”

“थेल्डा. मला म्हणतात?”

“सगळ्यांना काही ना काही म्हणतात, एल्व्हर्न.”

“कधीपासून?”

“आपलं लग्न व्हायच्या आधीपासून असेल. आई विचारायची, पेन्सिल्याशीच करायचंय का तुला?”

एल्व्हर्नने खिशाला हात लावला. वरच्या खिशात दोन शिसपेन्सिली होत्या, एकीवर पशुखाद्याच्या गिरणीचं नाव, दुसरीवर बँकेचं. कोटाच्या खिशात अजून काही. नोरीनने तोंडातल्या तोंडात म्हटलं की मिरवणुकांच्या खोक्यात तिला पिठाचा एक डबा भरून सापडल्या होत्या, आणि त्या कशा नोंदवायच्या हे ती विचारणारच होती.

खरं म्हणजे सगळ्या गावाला हा माणूस असाच माहीत होता. रस्त्यात, दुकानात, कुंपणापाशी काहीतरी कानावर पडायचं, त्याचे डोळे चमकायचे, हात पुढे यायचा: जरा पेन्सिल द्या. पेन्सिल द्यायची, तो लिहायचा, आभार मानायचा आणि ती खिशात टाकून निघून जायचा. देणाऱ्याला बोलवत नसे. त्याच्या मागे मात्र पुष्कळ बोललं जाई.

त्या दिवशी तो जेवला नाही, म्हणजे जेलीचा दुसरा वाटा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून दुधवाल्या बाईने हात केला तर त्याने पाहिलंच नाही असं दाखवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पडवीत ओरेनजवळ जाऊन बसला. टर्कीण दोघांकडे तिरकी बघत होती.

“तुला माहीत होतं?”

“काय?”

“पेन्सिल्या.”

ओरेनने मक्याचे दाणे हातात खेळवले. “मला वाटलं तुला माहीत आहे. तू तर सगळ्यांची लिहितोस.”

“मी लोकांना घरी जाऊन त्यांच्या बापाची नावं विचारत होतो. आणि ते मनात...”

“मनात नव्हते. तू गेल्यावर मोठ्याने म्हणायचे.” ओरेन ओशाळला. “प्रेमाने म्हणायचे रे.”

एल्व्हर्न उठून घराकडे निघाला. दुपारी व्हरांड्यात त्याने नोरीनसमोर घसा साफ केला. एका कोऱ्या कागदावर त्याने सुबक अक्षरात काहीतरी लिहून आणलं होतं.

“मिस वूली, संग्रह पूर्ण असावा म्हणून माझीही एक चिठ्ठी घालावी म्हणतो. गावात मला काही लोक... हे म्हणत असत.”

नोरीनने कागद वाचला. ‘रासमुसेन, एल्व्हर्न. टोपणनाव: प्राध्यापक.’

“कोण म्हणत असे?” तिने विचारलं. तिचा काही वाईट हेतू नव्हता, तिला नोंदीत लिहायला हवं होतं.

“बरेच जण.”

दारात थेल्डा टॉवेल घेऊन उभी होती. “इतिहासात हात घालता येत नाही, एल्व्हर्न. बिशपना तूच सांगितलंस. त्यांचेच पीच खाता खाता.”

एल्व्हर्नने कागदाची घडी केली, मग अजून एक घडी केली, मग ती इतकी लहान झाली की पुढे घडी होईना. “पण ते फार हलकं नाव आहे, थेल्डा.”

“ढेकऱ्या जड आहे?”

एल्व्हर्नने ती घडी खिशात टाकली. तो उठून गेला आणि बागेत भोपळ्याच्या वेलांमध्ये उभा राहिला. थेल्डाने खिडकीतून पाहिलं तर तो स्वतःशीच ते नाव म्हणून बघत होता, वेगवेगळ्या आवाजांत, कधी दुरून हाक मारल्यासारखं, कधी कानात सांगितल्यासारखं. एकदा त्याला थोडं हसू आलं. मग त्याने टोपी घातली आणि तो फाटकातून बाहेर पडला.

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी केलं तेच त्याने त्या आठवड्यात स्वतःसाठी केलं. घरोघर गेला आणि रीतसर विचारलं. मला पेन्सिल्या कधीपासून म्हणता? पहिल्यांदा कोणाकडून ऐकलंत? लोक आधी ओशाळे चेहरे करून जमिनीकडे बघायचे. मग त्याने विचारलंच आहे म्हटल्यावर एकदा सुरू झाले की थांबेनात. दफनाच्या वेळी त्याने खड्डा खणणाऱ्याकडे पेन्सिल मागितली होती. लग्नाच्या जेवणात सासूकडे मागितली, आणि तिच्याच मावशीचं टोपणनाव तिच्यासमोर लिहून घेतलं. शाळेला आग लागली तेव्हा अग्निशमनवाल्याकडे मागितली. बिशपनी पट्टीतला हात उंचावून सांगितलं की त्यांच्या दुकानात त्याच्यासाठी मुद्दाम बोथट पेन्सिली वेगळ्या ठेवलेल्या असत. सांगताना बिशप इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं, आणि हसता हसता त्यांच्या पोटातून एक लांब, गंभीर ढेकर आली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“राहू दे आमची चिठ्ठी,” बिशप म्हणाले. “रक्तातच आहे त्याला कोण काय करणार.”

त्यानंतर नाव काढायला कोणी आलं नाही. पेन्सिल्याने स्वतःला आत घातलंय म्हटल्यावर बाहेर राहणं लोकांना जरा कमीपणाचं वाटू लागलं. उलट जुन्या आठवणी घेऊन येणारे वाढले. त्यांतच गावाबाहेरच्या शुश्रूषागृहातला एक थकलेला मेंढपाळ, लामॉन्ट नावाचा, एल्व्हर्नशी बोलता बोलता मधेच म्हणाला, “आणि गिरणीवर नुसता सोरेन असायचा.”

“नुसता सोरेन म्हणजे? बाकी कोणी नव्हतं?”

“नाही हो. नुसता सोरेन. तसंच म्हणायचे त्याला. त्याचा दरारा इतका होता की नाव ठेवायची छाती कोणाची नव्हती. बाकीच्या सोरेनांना लंगडा, तोतरा, काय काय. हा नुसता सोरेन.”

एल्व्हर्न तडक आफ्टन पोल्सनच्या घरी गेला. ती दार अर्धवट उघडून उभी राहिली, अजून जराशी ओशाळलेली. त्याने चिठ्ठी वाचून दाखवली, सांगणाऱ्याच्या नावासकट. आफ्टनने ती दोनदा ऐकली. तिची मान हळूहळू लांब झाली.

“नुसता सोरेन,” ती म्हणाली. “बाकी सगळ्यांना काहीतरी जोडावं लागलं.”

“तसंच दिसतंय.”

“आत या, ब्रदर रासमुसेन. केक आहे.” आणि तो आत आल्यावर तिने स्वतः होऊन एक नवी कोरी पेन्सिल त्याच्या बशीशेजारी ठेवली.

टर्कीणीची पिल्लं एका सोमवारी दुपारी निघाली. ओरेन शेतातून पळत आला, दारात टोपी पडली तीही न उचलता. सगळे पडवीत जमले, बिशपची बायकोसुद्धा, आणि तिने जेव्हा त्या टर्कीणीचं नाव काय असं विचारलं तेव्हा ओरेनला अचानक खोकल्याची उबळ आली. पिल्लं ओली, चिडलेली आणि सगळी एकसारखी होती. टर्कीण त्यांना घेऊन खोक्यातून उतरली आणि मागे वळून न बघता उन्हात निघून गेली.

नोरीनने खोकं उचललं. वरच्या थरात कवचं होती, पिसं होती आणि इतरही होतं. वरची मरेन जवळजवळ गेली होती, खालची वाचली. एल्व्हर्नने वरचीची चिठ्ठी आठवणीने पुन्हा लिहून दिली. नोरीनने मऊ कुंचल्याने एकेक चिठ्ठी झटकली आणि तिच्या यादीत डागांच्या रकान्यात, विद्यापीठाच्या सगळ्या नियमांना धरून, ‘टर्की’ असं लिहिलं. मग खोकी गाडीत चढली, थेल्डाने वाटेसाठी पाव आणि उकडलेली अंडी दिली, अंडी कोणाची ते नोरीनने विचारलं नाही, आणि गाडी गेली.

हिवाळा सरल्यावर ग्रंथालयाने कळवलं की संग्रह वाचकांसाठी खुला झालाय. एल्व्हर्न थेल्डाला घेऊन शहरात गेला. थेल्डा आत यायला तयार नव्हती, ती गाडीत विणकाम घेऊन बसली. “लवकर ये. दुकानं बंद व्हायच्या आत मला बरण्यांची झाकणं घ्यायचीत.”

वाचनालय उंच छताचं आणि इतकं शांत होतं की त्याला आपल्या बुटांची लाज वाटली. लांब टेबलाशी एकच मुलगी बसली होती, विद्यार्थिनी असावी, लाल स्वेटर, समोर राखाडी पेटी. पेटीवर त्याचं नाव छापलेलं. तो तिच्यासमोर बसला आणि कुठलंसं मासिक उघडून धरलं.

मुलगी एक चिठ्ठी वाचायची, ओठ दाबायची, दुसरी घ्यायची. मग तिचे खांदे हलायला लागले. काउंटरवरच्या बाईने मान वर केली. मुलीने रुमाल तोंडात धरला. एल्व्हर्नने मासिक हळूच खाली केलं.

“कोण आहे?” त्याने कुजबुजत विचारलं.

“कुठली-मरेन लार्स,” ती कशीबशी म्हणाली. “त्याला एकदा तिघींनी एकदम जेवायला बोलावलं म्हणे, आणि तो चौथीकडेच जाऊन जेवला. चौथी कोण ते लिहिलेलं नाही.”

“बहीण होती त्याची. दुसऱ्या गल्लीत राहायची. तिचं नाव काय असेल?”

लक्षात येताच मुलीचे डोळे मोठे झाले. “नाही.”

“मरेन,” एल्व्हर्न म्हणाला.

मुलगी टेबलावर डोकं टेकून हसली. मग त्याला सांगावंच लागलं की त्या जेवणात काय होतं, कोणी पाहिलं, आणि लार्स दुसऱ्या दिवशी तिघींना काय म्हणाला, आणि तो पलीकडच्या मरेनचा आवाज काढायला लागला तेव्हा काउंटरवरची बाई येऊन उभी राहिली आणि तिने दोघांनाही अत्यंत सभ्यपणे बाहेर जायला सांगितलं.

दोघं पायऱ्यांवर जाऊन बसले. ऊन चांगलं पडलं होतं. मुलगी सांगत होती की ती ओल्सेन आहे, क्ले क्रीकच्या बिशपची नात, आणि आजोबांच्या त्या ढेकऱ्या पणजोबांबद्दल अजून काही आहे का, असं विचारत होती. एल्व्हर्नने सांगायला सुरुवात केली. रस्त्याच्या कडेला गाडीत थेल्डाने एकदा हॉर्न वाजवला, मग खिडकीतून या दोघांकडे पाहिलं, आणि विणकामाची पुढची ओळ सुरू केली.